निर्दोष सुटला, पण घरी यायला चौदा महिने लागले

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे, बारा वर्षं झाली. कर्जाच्या फायली बघते, त्यातही जास्त करून जामीनदारांचे कागद. पगाराची स्लिप, सातबारा, सही जुळते का, आधीचा कुणाचा जामीन डोक्यावर आहे का. हे बघून बघून घरात सगळ्यांना एकच सांगत आले की बाबांनो कुणाला जामीन राहू नका. आणि मे २०२५ मध्ये मी स्वतःच जामीन राहिले, ते पण माणसाला. सख्ख्या धाकट्या भावाला.

लिहायचं कारण एवढंच की चार वर्षं आम्ही फिरत होतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय होतं हे सांगणारा एक माणूस भेटला नाही. पोलिसांना पोलिसांपुरतं माहीत, डॉक्टरांना डॉक्टरांपुरतं, कोर्टातल्या क्लार्कला फक्त पुढची तारीख. गावाचं, जेलचं, हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यातले बरेच जण अजून त्याच खुर्चीत आहेत आणि आमचं काम त्यांच्याकडे अजून पडतं. भावाला घरात पिंट्या म्हणतात, इथेही तेच.

पिंट्याने वायरमनचा आयटीआय केलेला, हात चांगला होता, आमच्या आळीतली निम्मी वायरिंग त्याचीच. २०१३ मध्ये त्याला पहिल्यांदा आवाज ऐकू यायला लागले. आम्हीपण सगळे करतात तेच केलं, आधी देवऋषी, अंगारा, नरसोबाच्या वाडीला तीन पौर्णिमा, आणि मग सरकारी दवाखान्यातली मानसोपचार ओपीडी. स्किझोफ्रेनिया म्हणाले. गोळ्या लागू पडल्या. सहा-सात वर्षं तो ठीक होता, ठीक म्हणजे बोलायचा कमी, अंगाने सुटला होता, पण रोज कामाला जायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एसटी बंद, ओपीडी कधी चालू कधी बंद, गोळ्या संपल्या त्या संपल्याच. तो म्हणायला लागला मी आता बरा आहे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच ऐकायचं होतं.

शेजारच्या काकांनी, एसटीतून रिटायर झालेले, त्या दिवाळीत इन्व्हर्टर घेतला. बसवून दिला पिंट्यानेच. लाइट गेली की तो बीप बीप करतो ना, त्यातून आपल्याबद्दल निरोप जातात असं याच्या डोक्यात बसलं. फेब्रुवारी २०२१, संध्याकाळी साडेसातला लाइट गेली, बीप सुरू झाला, हा वायरिंगचा लोखंडी पाइप घेऊन काकांच्या ओट्यावर गेला आणि त्यांच्या डोक्यात घातला, दोनदा. मग घरी येऊन पायरीवर बसला आणि आईला म्हणाला, चहा टाक, बंद केलं मी ते. पळाला नाही, पाइप लपवला नाही, हाताला रक्त होतं ते धुतलंसुद्धा नाही. काका वाचले, अकरा टाके पडले आणि डाव्या कानाने आता जवळजवळ ऐकू येत नाही.

फिर्याद काकांच्या मुलाने दिली, ३०७, खुनाचा प्रयत्न. "बंद केलं मी ते" हे वाक्य आईने पोलिसांना तीनदा सांगितलं पण दोषारोपपत्रात ते कुठेच नव्हतं, तिथे होतं जुन्या वादातून. वाद कसला तर काकांच्या फणसाची फांदी आमच्या पत्र्यावर येते तो. तीन दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर, म्हणजे जेल.

पहिला वकील आम्ही ओळखीतून केला, तो म्हणाला डोक्याचं काही काढू नका, एकदा वेडा म्हणून शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही, साधा बेल टाकू. टाकला, रिजेक्ट झाला, फी गेली. आता कळतं की ती पहिली चूक होती, कारण आजाराबद्दल कोर्टाच्या कागदावर एक अक्षर नव्हतं आणि पहिले सहा महिने तो तुरुंगात इतर कैद्यांसारखाच एक कच्चा कैदी होता.

कोरोनामुळे कैद्यांना कोर्टात आणत नव्हते, व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, हजर करायचे. मी एकदा कोर्टात वकिलाच्या मागे उभी राहून ती व्हीसी पाहिली. स्क्रीनवर हिरवट भिंत, एक टेबलफॅन आणि पिंट्या कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा. शिपाई त्याला खांद्याला धरून वळवतोय, हा परत पाठ करतोय. मला लगेच कळलं, त्याला कॅमेऱ्याचा तो छोटा लाल दिवा दिसत होता. दहा सेकंद चाललं असेल. नंतर नक्कल काढली तेव्हा रोजनाम्यात लिहिलेलं होतं, आरोपी व्हीसीद्वारे हजर, तक्रार नाही.

त्याच दिवशी कोर्टाच्या जिन्यात एका बाईंनी मला सांगितलं की तुमचा भाऊ कस्टडीत आहे ना, मग विधी सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ चा कायदा आहे आणि आम्ही पहिल्या वकिलासाठी सोनं मोडून बसलेलो. अर्ज केला, एक मॅडम मिळाल्या. वयाने माझ्याहून लहान, पण पहिल्याच भेटीत त्यांनी जे सांगितलं ते मी पतसंस्थेच्या डायरीत मागच्या पानावर लिहून घेतलं होतं, अजून आहे.

त्या म्हणाल्या, ताई, कोर्ट तुमच्या भावाबद्दल तीन वेगवेगळे प्रश्न विचारणार आहे आणि सगळे त्यांची खिचडी करतात. पहिला, त्या दिवशी त्या वेळेला त्याला आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे समजत होतं का. ते कलम ८४, आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं. दुसरा, आत्ता त्याला खटला कळतो का, वकिलाशी बोलता येतं का, म्हणजे स्वतःचा बचाव करण्याइतका तो शुद्धीवर आहे का. ते सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, ३२८ आणि ३२९, मॅजिस्ट्रेटपुढच्या चौकशीत ३२८ आणि प्रत्यक्ष खटल्यात ३२९. आणि तिसरा, सोडला तर तो स्वतःला किंवा दुसऱ्याला काही करेल का. त्या दिवशी वेडा असलेला माणूस आज शहाणा असू शकतो, आणि त्या दिवशी शहाणा असलेला आज वेडा. मी म्हटलं आणि तिसऱ्याचं? त्या म्हणाल्या तिसऱ्याला वेळ आहे. तेव्हा मला वाटलं तिसरा सगळ्यात सोपा असणार.

केस सेशनला कमिट, म्हणजे खटल्यासाठी वर्ग झालेली होती म्हणून ३२९ चा अर्ज टाकला. सरकारी वकिलांचं से, म्हणजे लेखी म्हणणं, यायला दोन तारखा गेल्या, मग कोर्टाने तपासणीचा हुकूम केला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला मनोरुग्णालयात निरीक्षणासाठी पाठवलं. महाराष्ट्रात सरकारची अशी मोठी चार आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी, त्यातलं एक. मॅडमनी ३३० खाली जामीनही मागून बघितला, म्हणजे नातेवाईक घरी ठेवून ओपीडीत नेतील अशा हमीवर, पण डॉक्टर म्हणाले ॲडमिट ठेवणं गरजेचं आहे, विषय संपला. ते बरोबरच होतं, आईला एकटीला तो झेपला नसता.

हॉस्पिटलबद्दल लोक काहीही बोलतात. मला विचाराल तर या सगळ्या चार वर्षांत पिंट्याला माणूस म्हणून कुणी वागवलं असेल तर तिथल्या दोन अटेंडंटनी. गोळ्या वेळेवर, जेवण ठीक. चार महिन्यांत तो माझ्याकडे बघून बोलायला लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये डॉक्टरांच्या बोर्डाने लिहून दिलं, खटल्यास सामोरे जाण्यास सक्षम. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो.

सक्षम झाला म्हणून तो परत जेलला. आणि जेलमध्ये गोळ्या कधी आहेत कधी नाहीत, रात्रीची गोळी संध्याकाळी पाचला बराक बंद व्हायच्या आधी देतात, मग हा आठला झोपतो आणि तीनला उठून फेऱ्या मारतो, बाकीचे कैदी शिव्या देतात, मारतात. मुलाखतीला गेले तर काचेपलीकडून मला म्हणाला, ताई, इथे पण बसवलाय. मे महिन्यापर्यंत सगळं परत पहिल्यासारखं. परत अर्ज, परत तपासणी, परत हॉस्पिटल. बरा झाला की जेल, जेलमध्ये गेला की आजारी. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या १०३ कलमात चक्क लिहिलंय की प्रत्येक राज्यात निदान एका जेलच्या दवाखान्यात मानसिक उपचाराची सोय सरकारने करायची. मॅडमनी ते कलम अर्जात टाकलं आणि कोर्टाने जेलला दर महिन्याला कुठल्या गोळ्या किती दिल्या याचा रिपोर्ट मागवला, तेव्हा कुठे गोळ्या नीट मिळायला लागल्या. आणि एवढं करून तारखेला पोलीस गार्ड उपलब्ध नाही म्हणून आरोपी हजर नाही, हे मी मोजलेलं आहे, नऊ वेळा.

या मधल्या काळात आमचं काम होतं कागद गोळा करणं. कलम ८४ मध्ये सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं, सरकारने त्याने मारलं हे सिद्ध करायचं आणि त्याला कळत नव्हतं हे आपण दाखवायचं. मॅडम म्हणाल्या सरकारइतकं पक्कं नाही लागत, शक्यता आपल्या बाजूने जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं, पण कागद हवा. घटनेआधीचा, घटनेच्या वेळचा, घटनेनंतरचा. नंतरचा ढीगभर होता. वेळचा म्हणजे तो चहाचा प्रसंग. आधीचा कागद, आणि इथे मला लिहायला जड जातं.

माझं लग्न २०१५ मध्ये ठरलं. बघायला लोक येणार त्याच्या आदल्या दिवशी आईने पिंट्याचे सगळे केसपेपर बंबात घातले. मुलीचा भाऊ वेडा आहे कळलं तर कोण करेल. मी तिथेच उभी होते, पाणी तापायची वाट बघत, आणि मी काही बोलले नाही. २०१३ ते २०१५, म्हणजे नेमकं आजार सुरू झाल्याचे, पहिल्या निदानाचे कागद. त्या पाण्याने मी अंघोळ केली होती हे मला कोर्टाच्या बाकावर बसून कितीदा आठवलंय.

उरलेलं एका कॅरीबॅगमध्ये होतं, २०१५ नंतरचे ओपीडीचे कागद, शेवटचा शिक्का मार्च २०२०. आधीच्यासाठी दवाखान्यात अर्ज केला, पेशंटला स्वतःचे रेकॉर्ड मिळायचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, पण रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरून गेलेलं, फक्त एक रजिस्टर सापडलं ज्यात त्याचं नाव, तारीख आणि निदानाच्या खान्यात दोन इंग्रजी अक्षरं. खरी मदत झाली ती स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याची. त्याने कॉम्प्युटरमधून २०१३ पासूनची बिलं काढून दिली, सत्तेचाळीस, आणि छपाईचे पैसे घेतले नाहीत. कुणी घरात आजारी असेल तर ही बिलं ठेवा, दुसरं काही ठेवलं नाही तरी चालेल.

जानेवारी २०२३ मध्ये चार्ज फ्रेम झाला, म्हणजे कोर्टाने आरोप ठरवला. जज साहेबांनी मराठीत वाचून दाखवलं आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मॅडमनी आधी समजावलं होतं की नाही म्हणायचं. पिंट्या तेव्हा चांगला शुद्धीवर होता, त्याने मॅडमकडे बघितलं, मग काकांच्या मुलाकडे, आणि म्हणाला, साहेब, मारलं मीच ना, मग नाही कसं म्हणू. कोर्ट जरा थांबलं. मॅडम उठल्या, काहीतरी इंग्रजीत बोलल्या, आणि कबूल नाही असं लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर मी विचारलं की तो खरं बोलला तर बिघडलं काय. त्या म्हणाल्या काहीच नाही, आपण मारलं नाही असं म्हणतच नाही आहोत, आपण म्हणतोय की मारणारा हात त्याचा होता, पण ते समजणारं डोकं त्या वेळी ठिकाणावर नव्हतं. गुन्हा म्हणजे दोन्ही लागतं.

साक्षीपुरावा वर्षभर चालला. काका साक्षीला आले तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. मॅडमनी उलटतपासणीत विचारलं, तुमचं त्याच्याशी भांडण होतं का. काका म्हणाले, नाही हो, फणसाचं काय, दर वर्षी पहिला फणस त्यांच्याच घरी जातो. मारताना तो काही बोलला का? काका म्हणाले, हो, बंद करतो बंद करतो म्हणत होता. पोलिसांनी न लिहिलेलं वाक्य, दोन वर्षांनी, ज्याच्या डोक्यात पाइप बसला त्याच्या तोंडून रेकॉर्डवर आलं.

डॉक्टरांची साक्ष मात्र अवघड गेली. सरकारी वकिलांनी विचारलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या संध्याकाळी साडेसात वाजता आरोपीला आपण काय करतो ते कळत नव्हतं असं तुम्ही खात्रीने सांगाल का. डॉक्टर म्हणाले, मी तिथे नव्हतो. आणखी काय बोलणार बिचारे. सरकारचं म्हणणं की वर्षभर गोळी नाही म्हणजे बरा होता, आमचं म्हणणं की वर्षभर गोळी नाही म्हणूनच हे झालं. एकाच कॅरीबॅगेतून दोन्ही बाजू निघतात.

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. आपलं ८४ आलंय इंग्रजांच्या मॅकनॉटन केसमधून, १८४३ ची, त्या माणसाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली होती. त्यावरून नियम ठरला की कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हे कळत होतं का ते बघायचं, आणि १८६० मध्ये तो आपल्या कायद्यात आला. २०२४ मध्ये आयपीसी जाऊन न्याय संहिता आली, कलमाचा नंबर ८४ चा २२ झाला, आत तेच. नॉर्वेत वेगळं आहे, २०११ मध्ये ब्रेविकने सत्त्याहत्तर माणसं मारली त्याच्या खटल्यात प्रश्न एवढाच होता की त्या वेळी तो सायकोटिक होता का, कळत होतं की नाही ते नंतर तपासत बसायचं नाही. तिथेसुद्धा डॉक्टरांच्या दोन टीमनी दोन उलट रिपोर्ट दिले आणि कोर्टाने शेवटी तो शुद्धीवर होता असं ठरवलं. अमेरिकेत कॅन्ससमध्ये तर हा बचाव आपल्या अर्थाने ठेवलेलाच नाही, आणि २०२० मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ते चालतं असं सांगितलं. म्हणजे पिंट्या कॅन्ससमध्ये असता तर जन्माचा गेला असता बहुतेक, आणि नॉर्वेत असता तर आमचे डॉक्टर मी तिथे नव्हतो म्हणून अडकले नसते. एकच माणूस, एकच पाइप.

मॅडमचा भर होता २००२ च्या भोसले जजमेंटवर. महाराष्ट्रातलीच केस, पोलीस कॉन्स्टेबल, बायकोला दगडी वरवंट्याने मारलं, पळाला नाही, लपला नाही, आधीपासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे उपचार, घटनेनंतर काही महिन्यांत पंचवीस वेळा त्याला हॉस्पिटलला न्यावं लागलं. खालच्या कोर्टात जन्मठेप, हायकोर्टात कायम, सुप्रीम कोर्टात सुटला. कोर्टाने म्हटलं की मागचं पुढचं सगळं बघून त्या क्षणाचा अंदाज करायचा असतो. मॅडमनी युक्तिवादात ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की होईल काहीतरी.

मार्च २०२४, निकाल. ८४ मध्ये सुटला तर जजला निकालात हेही लिहावं लागतं की कृत्य त्याने केलं होतं की नाही, ३३४ कलम. त्यामुळे एकाच दमात दोन वाक्यं ऐकली, की काकांच्या डोक्यात पाइप आरोपीनेच मारला हे सिद्ध झालं, आणि आरोपीला निर्दोष मुक्त करण्यात येत आहे. काकांच्या मुलाने मागून मोठ्याने विचारलं, म्हणजे नक्की काय? त्याला शांत बसवलं. आई देवाला हात जोडत होती, मी पिशवी उचलली, मला वाटलं आता गेटवर जाऊन त्याला घेऊन येऊ, मी त्याच्यासाठी शर्टसुद्धा आणला होता.

तेव्हा कळलं की पुढे अजून एक ओळ आहे. ३३५ प्रमाणे आरोपीस सुरक्षित ताब्यात ठेवावे. निर्दोष आहे, पण कृत्य केलंय म्हणून कोर्टाने एकतर सेफ कस्टडीत पाठवायचं किंवा योग्य हमी घेऊन नातेवाईकाच्या ताब्यात द्यायचं. कोर्टाने आमच्याकडे बघितलं, आई ६८ ची, मी लग्न होऊन दुसऱ्या गावात, मार खाल्लेला माणूस भिंतीला भिंत लावून राहतो. सध्या हॉस्पिटल, असं लिहिलं. किती दिवस? तिथे काही लिहिलेलं नव्हतं. हा तो तिसरा प्रश्न. शिक्षा झाली असती तर निदान तारीख असती, बोटावर मोजता आलं असतं.

माझा मावसभाऊ सच्या इंग्लंडमध्ये मनोरुग्णांच्या सिक्युअर युनिटमध्ये नर्स आहे. त्याला रात्री फोन करून रडले. त्याने सांगितलं की तिथे वेडेपणाचा बचाव फार कमी जण घेतात, कारण गुन्हा सिद्ध झाल्यावरही जज शिक्षेऐवजी हॉस्पिटलला पाठवू शकतो, तिथल्या १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ३७ कलम, आणि लोकांना धोका वाटला तर वरून ४१ लावतात, मग सरकारी मंत्र्याच्या परवानगीशिवाय डॉक्टरसुद्धा बाहेर सोडू शकत नाही. आपल्याकडे असलं मधलं काही नाही, एकतर ८४ मध्ये पूर्ण सुटायचं नाहीतर पूर्ण जेल. पण मला चटका लागला तो दुसऱ्या गोष्टीचा. तिथे पेशंट स्वतः ट्रायब्युनलकडे अर्ज करतो, ३७-४१ वाला पहिल्या सहा महिन्यांनंतर आणि मग वर्षातून एकदा, तीन जण बसतात, एक जज, एक मानसोपचारवाला, एक तिसरा, वकील फुकट, आणि तेच सोडतात, अटी घालून. मी विचारलं, आणि घेऊन जायला कुणी नसेल तर? सच्या म्हणाला, नसेल तर नसेल, त्याची सोय सोशल वर्करने लावायची. फार हुरळू नको म्हणाला, आमच्याकडे पण माणसं वर्षानुवर्षं पडून असतात, हॉस्पिटलच्या ऑर्डरला शेवटची तारीख नसतेच. अमेरिकेत अध्यक्ष रेगनवर गोळी झाडणारा हिंकली १९८२ मध्ये वेडेपणामुळे निर्दोष ठरला आणि कोर्टाच्या सगळ्या अटींतून मोकळा व्हायला २०२२ उजाडलं. चाळीस वर्षं. निर्दोष.

आणि आपल्याकडचा माचांग लालुंग. हे नाव वाचल्यापासून मला झोप नव्हती. आसामचा माणूस, १९५१ मध्ये पकडला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवला, १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरा आहे म्हणून लिहून दिलं, तर घरी पाठवायच्या ऐवजी जेलला पाठवला, आणि खटला न चालता तो सुटला २००५ मध्ये. चोपन्न वर्षं. एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. फाइल हलवायला कुणी नसलं की असं होतं.

म्हणून मी फाइल हलवायची ठरवली, माझं तेच तर काम आहे. ३३९ प्रमाणे नातेवाईकाने अर्ज करायचा, की मी याला सांभाळते, इजा होऊ देणार नाही, सांगाल तिथे सांगाल तेव्हा तपासणीला हजर करते, आणि सेफ कस्टडीवाल्याला सोडायचा निर्णय राज्य सरकारचा. अर्ज ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. तीन आठवड्यांनी परत आला. का तर १ जुलैपासून सीआरपीसी गेली, आता नागरिक सुरक्षा संहिता, त्यात हे ३७८ कलम आहे, ३३९ लिहिलेला अर्ज चालणार नाही. ३७८ लिहून दिला, तर दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले आदेश जुन्या कायद्याचा आहे, ३३९ लिहा. शेवटी मी लिहिलं, ३३९ तथा ३७८. कुणी काही बोललं नाही. मजकूर दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, पण क्लार्कला नंबर लागतो, मलाही लागतो, मी काय बोलणार.

मग पोलिसांचा अहवाल, हॉस्पिटलच्या बोर्डाचा अहवाल, माझ्या घराची पाहणी. पाहणीला आलेल्या हवालदारांनी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला माहीत आहे ना कोण येणार आहे. सासूबाईंना केस झाली तेव्हा कळलेलं, पण २०१३ पासूनचं आजारपण आम्ही लपवलं होतं हे कोर्टाच्या निकालात छापून आलेलं आणि ते त्यांनी वाचलेलं. मी स्वयंपाकघरात, हातातली लाटी हातात. सासूबाई म्हणाल्या, माहीत आहे, माडीवरची खोली त्याला दिलीय, आणि इन्व्हर्टर आम्ही काढून टाकलाय. त्यांनी तो आदल्या आठवड्यात विकला होता, मला न सांगता. हवालदारांनी ते पण लिहून घेतलं.

हमीपत्राचा नमुना मी माझ्या सवयीने दोनदा वाचला. जामीनदाराचे नाव, नाते, व्यवसाय, पत्ता, दोन साक्षीदार. मी क्लार्कला विचारलं मुदतीचा कॉलम कुठे आहे. ते म्हणाले, मुदत नसते मॅडम याला. पतसंस्थेत असला कागद मी परत पाठवला असता. सही केली. ह्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि बाहेर येऊन चहा मागवला, दोन कटिंग, काही न बोलता.

काकांची ना हरकत कायद्यात कुठेच मागितलेली नाही, पण प्रत्येक टेबलावर विचारायचे, त्यांचं काय. म्हणून मी गेले त्यांच्याकडे. काका म्हणाले, सही करतो, पण तू एक सांग, तो निर्दोष, सरकार मोकळं, मग माझा कान कुणाच्या नावावर टाकू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या आरोपी सुटला तरी जखमीला भरपाईची शिफारस कोर्ट करू शकतं, ३५७-अ, आणि विधी सेवा प्राधिकरण देतं, आणि त्यांनी काकांचाही अर्ज स्वतः लिहून दिला. कानाचं मशिन त्या पैशातून आलं. पोरगं इथे राहायला नको एवढीच अट काकांनी घातली आणि ती बरोबर आहे.

मे २०२५ मध्ये हॉस्पिटलच्या गेटवर त्याला माझ्या ताब्यात दिलं. पावतीवर सही, शिक्का, आणि एका पाकिटात अटकेच्या वेळचं त्याचं सामान, एक टेस्टर, अठरा रुपये आणि एसटीचं तिकीट. मार्च २०२४ मध्ये आणलेला शर्ट त्याला पोटावर बसेना. तो बराच वेळ तो टेस्टर बघत होता, मग माझ्याकडे दिला, म्हणाला ताई तू ठेव.

आता माडीवर राहतो. सकाळी सासूबाईंबरोबर भाजी निवडतो, एक वेळची गोळी त्या देतात, एक मी. महिन्याला ओपीडी आणि ठरलेल्या दिवशी हजेरी, मी दोन्हीसाठी अर्धा दिवस रजा टाकते. लाइट गेली की घर अंधारात असतं, मेणबत्ती लावतो. पुढची ओपीडी बारा तारखेला आहे. कोर्ट संपलं तरी आम्ही अजून तिला तारीखच म्हणतो.